गडबडीतच नोंद करायची असते

"ताई, तेव्हा युद्धाची गडबड होती, नोंद राहून गेली." मंगळवारी एका छोट्या संग्रहालयात हे वाक्य ऐकलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही. काचपेटीत पांढरा एनॅमलचा मग होता. शिपाईमामांनी काच सरकवून तो माझ्या हातात दिला. काठाचा टवका उडालेला, कान जरा वाकलेला, आणि बुडाला खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं: 'बा. ज.' शेजारी पाटी होती, 'सैनिकाचा मग'. कोणत्या सैनिकाचा, कोणत्या पलटणीतला, कुठून आला? कारगिलच्या वेळी कुणी तरी आणून दिला, एवढंच मामांना आठवत होतं.

नोंदवहीचं माझं वेड या सदराच्या वाचकांना नवं नाही. दाखल नोंदवही नसेल तर ते संग्रहालय नव्हे, अडगळीची खोली, हे मी इथे अनेकदा लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. पण या वेळी मला बोचली ती सबब. युद्धात नोंदीला सवड मिळत नाही, हे खरं आहे का?

मे १९१७. युरोपात महायुद्ध ऐन भरात होतं, कोण जिंकणार याचा पत्ता नव्हता. त्या महिन्यात लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैन्यानं युद्ध-नोंदींचा स्वतंत्र विभाग काढला आणि तो सोपवला जॉन ट्रेलोअर या २२ वर्षांच्या तरुणाकडे. गॅलिपोलीच्या आघाडीवर जाऊन आलेला हा मूळचा लष्करी कारकून. त्याच्या मागे होते युद्धवार्ताहर चार्ल्स बीन, ज्यांच्या मनात राष्ट्रीय संग्रहालय आधीच उभं राहिलं होतं. ट्रेलोअरनं पलटणींना छापील चिठ्ठ्या दिल्या. वस्तू काय, मिळाली कुठे, पाठवली कुणी, हे तिथल्या तिथे भरायचं आणि चिठ्ठी वस्तूला बांधायची. म्हणजे शत्रूची मशीनगन हाती लागली की ती घेणाऱ्यांचं नाव तिच्यासोबतच प्रवासाला निघायचं. पलटणींच्या रोजनिश्या कशा नीट लिहाव्यात, हेही तो अधिकाऱ्यांना समजावत फिरला. युद्ध थांबलं तेव्हा सुमारे २५,००० वस्तू जमल्या होत्या. कॅनबेरातलं स्मारक-संग्रहालय उघडलं ११ नोव्हेंबर १९४१ रोजी. इमारतीसाठी वस्तूंना चोवीस वर्षं थांबावं लागलं. चिठ्ठीसाठी एक दिवसही नाही.

१९१७ मध्येच, ५ मार्चला, ब्रिटनच्या युद्ध मंत्रिमंडळानं राष्ट्रीय युद्ध संग्रहालयाला मंजुरी दिली. युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांना आवाहन झालं, फोटो पाठवा. असे १५,००० हून अधिक चेहरे आज तिथे आहेत. वर्ष संपता संपता भारत आणि इतर वसाहतींसाठी नेमलेल्या समितीच्या ठरावावरून संग्रहालयाचं 'राष्ट्रीय' हे नाव बदलून 'इम्पीरियल' झालं. साम्राज्याच्या लढाईत भारताचाही वाटा आहे, हे त्या नावातच मान्य केलं गेलं.

मग त्या वाट्याची नोंद कशी झाली? मेसोपोटेमियात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात उपाशी लढल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला बाकी सैन्याबरोबर कैद झाल्या. आणखीही मराठा पलटणी त्या आघाडीवर होत्या. तिथे मेलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश शिपायाचं नाव आहे. हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे. साधा हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली आकडा होऊन उरलाय, 'आणि इतर इतके'. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण त्या महायुद्धात गेले. हा आकडा जिल्ह्याला पाठ आहे. त्यातली चार नावं विचारा, आणि बहुतेक जण गप्प होतील.

एकाच युद्धात एकीकडे मशीनगनीला चिठ्ठी मिळाली आणि दुसरीकडे माणसाला नाव मिळालं नाही. हा फरक सवडीचा नाही. कोणाची आठवण ठेवण्याजोगी मानली, याचा आहे. म्हणून 'गडबड होती' हे उत्तर मला सोसत नाही.

आता तर परकं सरकार नाही. जून २०२१ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयानं युद्धेतिहासाचं धोरण मंजूर केलं आणि मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं. पण त्यात समिती नेमायची मुदत आहे ती युद्ध संपल्यापासून दोन वर्षांची. कागद फायलीत दोन वर्षं टिकतो. एनॅमलचा मग, टोपी, खिशातलं पत्र टिकत नाही; टिकलं तरी ते कुणाचं हे सांगणारा बदलीवर जातो, निवृत्त होतो, मरतो. याउलट युक्रेनमधल्या कीव्हच्या युद्ध संग्रहालयाची माणसं २०२२ च्या एप्रिलमध्ये, रशियन फौजा मागे हटताच, होस्तोमेल आणि बुचाच्या बाजूला वस्तू गोळा करायला गेली आणि ८ मे रोजी त्यांनी प्रदर्शन उघडलं. शहरावर क्षेपणास्त्रांचं सावट असताना. ट्रेलोअरनं जे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं तेच त्यांनी ओळखलं: ज्याला माहीत आहे तो जिवंत आहे तोवरच विचारायचं.

मंगळवारी मी निघाले नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली, मामांनी पट्टीनं रकाने आखले. पहिली ओळ त्यांच्याच हातची आहे: 'एनॅमलचा मग, पांढरा, काठाला टवका, बुडाला बा. ज. अशी अक्षरे.' 'कोणाकडून' हा रकाना आम्ही पेन्सिलीसाठी कोरा ठेवला. लिहिता लिहिता मामा थांबले. आणून देणारे एक निवृत्त सुभेदार होते, ते वारले, पण त्यांचा मुलगा मुंबईत असतो, हे त्यांना तेव्हा आठवलं. वही समोर नव्हती तोवर आठवलं नव्हतं.