निदान निदान तरी करा!

परवा एका लग्नात पंगतीला बसलो असताना पुतण्याने विचारलं, "काका, गाडीचा पंखा बंदच होत नाहीये. मेकॅनिक म्हणतो मोटर बदलू. बदलू का?" मी घास तसाच ताटात ठेवला. सौ. शेजारून म्हणाली, "झालं, आता जिलबी थंड होणार." त्या गोंधळात त्याला धड काही सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो. याच प्रश्नापायी २०२४ साली मी ९,७०० रुपये घालवले आणि वर सौ.ला घेऊन पोखरी घाटात वाफेच्या ढगात उभा राहिलो. तेव्हा मंडळी, चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

त्या वर्षी पाऊस सुरू झाला आणि आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला हे खूळ लागलं. चावी फिरवली रे फिरवली की बोनेटखाली घूंऽऽ सुरू. सकाळी सहा वाजता, इंजिन रात्रभर थंड, बाहेर धो धो पाऊस, तरी पंखा आपला पूर्ण वेगात! एसी बंद. शिवाय समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला आणि तापमानाचा काटा अगदी तळाला झोपलेला.

एका गॅरेजात नेली. मालकाने बोनेट उघडलं, दोन सेकंद कान दिला आणि निकाल दिला, "रेडिएटर चोक झालाय." रेडिएटर नवा आला. पंखा चालूच. मग थर्मोस्टॅट काढून टाकला. "सर, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? याची गरजच नाही." पंखा चालूच. मग पंख्याची मोटर बदलली. आता बंद न होणारा पंखा बंद व्हावा म्हणून नवीन, जास्त ताकदीची मोटर बसवायची, यातला तर्क मला तेव्हा का खटकला नाही कोण जाणे. पिवळ्या दिव्याचं विचारलं तर म्हणे, "जुन्या गाड्यांना लागतोच तो."

चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवली नाही तर मार्क मिळणार नाहीत. इथे उत्तर तीनदा चुकलं, रीत नव्हतीच, आणि तिन्ही वेळा मी पैकीच्या पैकी मार्क देऊन आलो. रोख!

वास्तविक ही रीत काही अवघड नाही. माझ्यासारख्या मराठी घेऊन बीए झालेल्या माणसालाही कळते. इंजिनाला थंड राहायचं नसतं, ठरावीक गरम राहायचं असतं. साधारण ९० अंशांच्या आसपास. तोवर थर्मोस्टॅट पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरतो, म्हणजे इंजिन लवकर तापावं. (तो काढला की थंडीत इंजिन तापायला वेळ लावतं आणि पेट्रोल जास्त पितं. ओतूर-जुन्नरच्या पौषातल्या पहाटे ज्यांनी अनुभवल्यात त्यांनी 'बर्फ कुठे पडतो' म्हणू नये.) पुढे पाणी किती तापलं हे एक सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर रिलेला हुकूम देतो आणि रिले पंखा लावतो. बस्स, एवढीच साखळी. साहेब, चपराशी, हुकूम.

त्या सेन्सरचा गुण असा की तो जितका तापेल तितका त्याचा विजेला होणारा विरोध कमी. काही पदार्थ असे उलटे वागतात हे फॅरडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडवर पाहिलं होतं. म्हणजे विरोध जास्त असेल तर कॉम्प्युटर समजतो, पाणी गार आहे. आणि वायर तुटली किंवा जोड गंजला तर विरोध इतका वाढतो की कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन शून्याखाली चाळीस अंशांवर आहे. जुन्नर तालुक्यात! कॉम्प्युटर काही इतका भोळा नसतो. तो ओळखतो की सेन्सर काहीतरी बरळतोय. मग तो दिवा लावतो आणि खरं तापमान कळत नाही म्हणून सावधगिरीने पंखा सुरूच ठेवतो. म्हणजे सतत चालणारा पंखा हा बहुतेक वेळा आजार नसतोच. डोळ्यांना दिसेनासं झालेला राखणदार रात्रभर शिट्टी वाजवत बसतो, तसलं ते आहे.

थंड इंजिन, तळाला गेलेला काटा, पेटलेला दिवा आणि तरी धावणारा पंखा. चार साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवत होते. त्यांना एकानेही प्रश्न विचारला नाही. तिकडे खोडदला पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या खरखरीतून दूरच्या दीर्घिकांचा आवाज वेगळा काढतात, आणि इकडे त्याच तालुक्यात आम्हाला दोन वायरींचं म्हणणं ऐकू येत नाही.

तीन पार्टनंतर मी गॅरेज बदललं. दुसरा जास्त हुशार निघाला. म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप? डायरेक्ट करून देतो." त्याने पंख्याची वायर कॉम्प्युटरच्या तावडीतून सोडवली आणि स्टिअरिंगजवळ एक बटण लावून दिलं. वाटेल तेव्हा चालू, वाटेल तेव्हा बंद. मला तर हे फारच आवडलं. पंखा बंद झाला, आणखी काय हवं?

मंचर-नारायणगाव रस्त्यावर काही बिघडलं नाही. गाडी वेगात असली की समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो. मग श्रावणात आम्ही भीमाशंकरला निघालो. घोडेगाव गेलं, डिंभे गेलं आणि पोखरी घाटात गाड्यांची रांग लागली. पहिल्या गिअरमध्ये चढ, मुंगीच्या पावलांनी. बटण? साफ विसरलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर त्या पठ्ठ्याने इंजिन सोपवलं होतं आणि मी ते सोपवून घेतलं होतं! काट्याकडे पाहत होतो, तर काटा तळाला. कसा चढेल? त्याला खबर देणारा सेन्सरच तुटलेला. बोनेटमधून वाफ आली तेव्हा कळलं. एक भला माणूस फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला, त्याला मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने ओरडून थांबवलं. झाकणामागे दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी असतं, उघडलं की थेट तोंडावर. सौ. तेव्हा बरोबर त्याच्या बाजूला उभी होती. मला त्यानंतर दोन रात्री झोप लागली नाही.

तास-दीड तासाने, पाणी भरून, पंखा लावून परत फिरलो. नशीब, हेड गॅस्केट वाचलं.

शेवटी आमच्या शेजारच्या टोमॅटोवाल्याने एका मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे पाठवलं. विहिरीवरच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस. त्याने आधी पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले. थंड असतानाच सुरू होतो का? एसी लावल्यावर की न लावताही? चावी काढल्यावर थांबतो का? ("चावी काढूनही रात्रभर चालला असता तर रिले चिकटला म्हटलं असतं, आमच्या स्टार्टरसारखा.") मग त्याने ते बटण उपटून वायरी मूळ जागी लावल्या. पंखा सुरू. रिले काढला, पंखा थांबला. म्हणजे वायर परस्पर कुठे चिकटलेली नाही. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावला, पंखा पुन्हा सुरू. म्हणजे रिले निर्दोष, हुकूमच वरून येतोय. मग तो सेन्सरपाशी गेला, कनेक्टर काढला आणि मला दाखवला. आत हिरवा गंज. मीटर लावून सेन्सर मोजला, तो ठणठणीत. पॉलिश पेपरने पिना घासल्या, कनेक्टर घट्ट बसवला. पहिल्याने फुकट घालवलेला थर्मोस्टॅटही नवा आणवून बसवला. पंखा गप्प. इंजिन चांगलं तापल्यावर लागला, जरा वेळाने आपला आपण थांबला. काटा मधोमध.

"किती झाले?" "थर्मोस्टॅटचे घ्या दुकानात दिले तेवढे. आणि... चहापाण्याला पन्नास द्या."

आणि मंडळी, मी पन्नासच दिले! वर मनात म्हटलं, बरं स्वस्तात सुटलो.

माझा खरा राग इथे आहे आणि तो गॅरेजवाल्यांवर निम्माच आहे. काही दिवसांनी मी त्या पहिल्याला विचारलं, तपासलं का नाहीस? तो शांतपणे म्हणाला, "सर, तासभर तपासून 'गंज होता, पुसला' म्हटलं तर तुम्ही पाचशे दिले असते का? म्हणाला असता, याने केलं काय? नवा पार्ट दाखवला की तुम्ही मुकाट पैसे काढता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. डॉक्टरने औषध न देता 'काही झालेलं नाही' म्हटलं तर आपल्याला फी बोचते. मग तोही चार गोळ्या बांधून देतो. शाळेत आम्ही तरी वेगळं काय केलं? पोर गणितात मागे पडलं की 'शिकवणी लावा'. कुठे अडतंय हे बघायला कोण बसतंय!

आणि हे आपल्या मातीत नवीन आहे असंही नाही. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने 'माधवनिदान' लिहिलं. अख्खा ग्रंथ रोग कसा ओळखावा यावर, उपचार नाहीतच. आज कोणी असं पुस्तक लिहिलं तर गिऱ्हाईक विचारेल, औषध कुठाय? 'निदान' या शब्दाचा 'कमीत कमी' असाही अर्थ आपल्या भाषेत आहे. तेवढं कमीत कमी तरी!

तेव्हा पुतणोबा, मोटर बदलू नकोस. सकाळी थंड गाडीत, एसी आणि काचेवरची हवा बंद ठेवून चावी फिरव आणि पंखा, काटा, दिवा तिघांकडे बघ. काटा खरोखर वर चढलेला असेल तर गोष्ट वेगळी, मग पाणी, रेडिएटर, थर्मोस्टॅट यांच्याकडे वळ, पण गरम असताना झाकणाला हात लावू नकोस. दिवा असेल तर कोड वाचून घे. 'पी ०११८' आला तर माझी आठवण काढ. पंख्याच्या पात्यांजवळ हात नको, तो बंद इंजिनावरही अचानक लागू शकतो. आणि गॅरेजवाल्याला आधीच सांग, तपासायचे वेगळे पैसे देईन, मग पार्ट लागो न लागो.

मी त्या रिवाइंडिंगवाल्याकडे नंतर गेलो होतो, पाचशे रुपये घेऊन. नको नको म्हणत घेतले. मी म्हटलं, बिल दे. त्याने बिलबुक काढलं, तारीख टाकली, माझं नाव लिहिलं आणि 'मालाचा तपशील' या रकान्यावर पेन धरून बसला. "सर, इथे काय लिहू?"