दुखणे अंगावर का काढले जाते?

२०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने अठरा जिल्ह्यांतील गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्या यादीत होते. करोनाची बाधा झालेल्या माणसाने यापुढे घरी राहावयाचे नाही, विलगीकरण केंद्रात जावयाचे, असा त्याचा अर्थ. निर्णयामागील तर्क चुकीचा नव्हता. दोन खोल्यांत आठ माणसे आणि एकच मोरी असलेल्या घरात ‘गृहविलगीकरण’ हा शब्द केवळ कागदावर शोभतो. तरीही राज्याच्या पुष्कळ भागांत साथ ओसरू लागली असताना कृष्णाकाठी ती रेंगाळली. ऑगस्टच्या प्रारंभी निर्बंध सैल झाले तेव्हा सवलतीतून वगळलेल्या अकरा जिल्ह्यांत सातारा, सांगली आणि शेजारचे कोल्हापूर ही तिन्ही नावे होती.

या रेंगाळण्याला कारणे अनेक असणार. विषाणूचे बदललेले रूप, दाट वस्तीची मोठी गावे, मुंबई-पुण्याशी असलेली रोजची ये-जा, ही सर्व त्यांत आली. परंतु शासनयंत्रणेच्या आणि सुशिक्षित मध्यमवर्गाच्या तोंडी त्या काळात एकच कारण होते, ते म्हणजे लोकांची बेफिकिरी. लोक ऐकत नाहीत, तपासणीला येत नाहीत, दुखणे अंगावर काढतात आणि धाप लागल्यावर दवाखान्याची पायरी चढतात, अशी ती तक्रार होती. तक्रारीतील वस्तुस्थिती खरी होती, निदान मात्र खोटे होते. जी बेफिकिरी म्हणून दिसत होती ती पुष्कळ अंशी भीती होती, आणि त्या भीतीत अडाणीपणापेक्षा हिशेब अधिक होता.

‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार ज्या समाजाने घडवला त्याला या हिशेबाची जुनी ओळख आहे. शेतमजुराला ताप आला तर तो प्रथम विचार करतो तो उद्याच्या हजेरीचा. तपासणी करून घेतली आणि बाधा निघाली, तर चौदा दिवस मजुरी नाही, घरातील इतरांनाही कामावर कोणी बोलावणार नाही, डेअरीत दूध घेतील की नाही याची खात्री नाही. तपासणी केली नाही, तर कदाचित दोन दिवसांत ताप उतरेलही. एका बाजूला निश्चित नुकसान आणि दुसऱ्या बाजूला अनिश्चित धोका असला की माणूस अनिश्चित धोका पत्करतो. मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे, आणि त्यात शिकलेला-अडाणी हा भेद नाही. फरक इतकाच की पगारी नोकराचे चौदा दिवस भरपगारी रजेत गेले आणि मजुराचे उधारीत.

हा प्रश्न जगाला नवा नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयाची क्ष-किरण तपासणी फिरत्या गाड्यांतून फुकट केली जात होती, आणि तरीही लोक येत नव्हते. त्या देशाच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी त्याचा शोध घेतला. केवळ रोगाची माहिती असून भागत नाही, असे त्यांना आढळले. रोग आपल्याला होऊ शकतो असे माणसाला वाटावे लागते, तो गंभीर आहे असे वाटावे लागते, उपायाने खरोखर फायदा होईल असे वाटावे लागते, आणि त्या उपायाच्या वाटेत जे अडथळे आहेत ते फायद्यापेक्षा लहान वाटावे लागतात. आपल्याकडील सारी प्रचारमोहीम पहिल्या दोन गोष्टींवर खर्च झाली. दूरध्वनी लावला की खोकल्याचा आवाज ऐकू येई. भीती भरपूर पसरली, पण अडथळे जागच्या जागी राहिले. भीती वाढली आणि वाट मोकळी झाली नाही, तर माणूस लपतो. यात आश्चर्य कसले?

ऊस पिकवणाऱ्या या दोन जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी तामिळनाडूतील ऊस-उत्पादकांवर झालेला एक अभ्यास अवश्य लक्षात घ्यावा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४६४ शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेण्यात आली. एकदा तोडणीपूर्वी, हातात पैसा नसताना आणि एकदा तोडणीनंतर, बिल हाती आल्यावर. तीच माणसे, पण तोडणीपूर्वी त्यांची कामगिरी घसरलेली दिसली. त्या निष्कर्षांवर पुढे विद्वानांत वादही झाले, परंतु उसाच्या दुसऱ्या हप्त्याची वाट पाहत ज्याने सोसायटीचे कर्ज, मुलीची फी आणि खताची उधारी एकाच वेळी डोक्यात वागवली आहे त्याला तो निष्कर्ष पटवून द्यावा लागणार नाही. टंचाई ही खिशात असते तशी मनातही शिरते. तिथे आरोग्याच्या दूरच्या हिताला जागा उरत नाही. गरिबाला शिस्त शिकवू पाहणाऱ्यांनी हे आधी शिकावे.

पण सारे पैशावर ढकलून मोकळे होणेही बरोबर नाही, आणि समाजवादी मंडळींना तो मोह नेहमीच पडतो. सुखवस्तू घरांतही दुखणी लपवली गेली. तिथे मजुरीची नव्हे, नाचक्कीची भीती होती. इस्लामपूरचे उदाहरण घ्यावे. २३ मार्च २०२० रोजी सौदी अरेबियातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना करोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले आणि महिनाअखेर हा आकडा पंचविशीपर्यंत गेला. बाधितांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हलवून, संपर्कातील माणसे शोधून, भोवतालचा भाग बंद करून तेथील फैलाव आटोक्यात आणला गेला. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक जण बरे होऊन घरी गेले, आणि या कामाचे ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हणून कौतुक झाले. ते योग्यच होते. परंतु त्याच आठवड्यांत त्या कुटुंबावर आणि त्यांच्या धर्मावर जी गरळ ओकली गेली तिचा हिशेब कोणी केला? जणू विषाणू पारपत्र पाहून माणूस निवडत होता! एखाद्या कुटुंबाची अशी धिंड निघालेली पाहिल्यावर तालुक्यातील प्रत्येक घराने एक धडा घेतला असेल, तर तो हात धुण्याचा नव्हे, तोंड मिटून घेण्याचा.

पुढे मुंबईकर गावी परतू लागले तेव्हा या भीतीने स्वतःचेच घर पाहिले. पाटण-जावळीच्या खोऱ्यांतील माथाडी, खानापूर-आटपाडीकडचे देशभर विखुरलेले सोने-चांदीचे गलाईवाले, यांच्या पैशावर गावची देवळे उभी राहिली आणि जत्रा गाजल्या. तीच माणसे आली तेव्हा अनेक गावांनी वेशीवर दगड आणि काट्या टाकल्या. त्यांची सोय शाळेत झाली. कुठे ती माणुसकीने झाली, कुठे कोंडवाड्यासारखी. गावकऱ्यांना दुष्ट ठरवणे सोपे आहे. वस्तुतः जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राणवायूची सोय नाही, तिथे वेस बंद करणे हाच एक उपाय लोकांच्या हातात होता, आणि तो त्यांच्या आजोबा-पणजोबांनी पटकी आणि प्लेग यांच्या काळात वापरलेला होता.

प्लेगची आठवण येथे केवळ इतिहास म्हणून नाही. २०२० च्या मार्चमध्ये शासनाने जो साथरोग कायदा उपसला तो १८९७ चा, म्हणजे प्लेगच्याच वर्षीचा आहे. पुण्यात त्याचा अंमल ज्या रँडने केला तो त्यापूर्वी साताऱ्यात सहायक जिल्हाधिकारी होता, आणि त्याच्या कडकपणाचा अनुभव वाईकरांनी आधीच घेतला होता. सोल्जरांकडून घरे तपासणे, माणसे उचलून नेणे, सामान जाळणे, या मार्गाने प्लेग थांबला नाही. लोक रोगी माळ्यावर लपवू लागले. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते. रुग्णालयात नेलेला माणूस मारला जातो, अशी वदंता होती. सव्वाशे वर्षांनंतर दवाखान्यात नेले की किडनी काढून घेतात, अशी कुजबूज गावोगाव ऐकू आली. वदंतेतील अवयव बदलला. तिच्या मुळाशी असलेला अनुभव, म्हणजे आपले माणूस दाराआड गेले आणि आत काय झाले ते कळले नाही हा अनुभव, तोच राहिला.

याच्या उलट, प्लेगमध्ये जे लोकांनी आपणहून केले ते टिकले. गाव रिकामे करून रानात, माळावर झोपड्या घालून राहणे हा उपाय उंदीर आणि पिसवा यांचे शास्त्र माहीत नसताना लोकांनी अवलंबला आणि पुढे तो शास्त्रशुद्धही ठरला. याच जिल्ह्यातील नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, पुत्र डॉ. यशवंत यांच्यासमवेत हडपसरनजीक दवाखाना चालवला आणि रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच देह ठेवला. त्या दवाखान्यातही रोग्याला घरापासून वेगळे ठेवले जात होते. मात्र त्याला तिथे आणणारे हात ओळखीचे होते.

‘लोक ऐकत नाहीत’ या विधानाला वारीने मोठे उत्तर दिलेले आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. लोणंद आणि फलटणचे तळ ओस राहिले, चांदोबाच्या लिंबाला रिंगण झाले नाही. लाखो माणसांनी पिढ्यांची चाल मोडली. नाराजीचे सूर उमटले नाहीत असे नाही, परंतु लाठी उगारावी लागली नाही, कारण हा निर्णय संस्थान, मानकरी, दिंडीवाले यांच्याशी बोलून, त्यांच्याच तोंडून लोकांपर्यंत आला होता. त्यागाला अर्थ दिला की लोक तो करतात. आणि २०२१ च्या जून महिन्यात, साथ रेंगाळलेली असताना, याच भागात कऱ्हाडच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याची निवडणूक पार पडली. सभासद हजारोंच्या संख्येत, गावे दोन्ही जिल्ह्यांत पसरलेली. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा पाळणाऱ्या सभासदाने पुढाऱ्यांचा प्रचार पाहून काय निष्कर्ष काढावा? माणूस सूचनाफलक वाचून वागत नाही, आपल्यापेक्षा वरचा कसा वागतो ते पाहून वागतो.

या सर्व काळात भीती आणि शासन यांच्यामध्ये जी एक व्यक्ती उभी होती ती आशाताई. घरोघरी जाऊन ताप मोजणारी, कोणाच्या घरात खोकला आहे हे जाणणारी आणि तरीही गावचीच असणारी. तिच्या करोना-कामाचे मोल महिन्याला हजार रुपये, म्हणजे दिवसाला पस्तीस रुपयेही नाही, असे ठरले होते. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांना त्यासाठी संप करावा लागला. शासनाने तिला शिपाई समजून वापरले. लोकांनी कुठे दार उघडले, कुठे तोंडावर लावले. ती सांगे ते लोक ऐकत, कारण बाळंतपणात तीच धावून आलेली असे. लस घेण्यासाठी तिने लोकांना राजी करावे आणि केंद्रावर पोचल्यावर साठा संपल्याचे कळावे, हेही झाले. एप्रिल २०२१ मध्ये साताऱ्यात साठ्याअभावी लसीकरण थांबले होते. अशा वेळी खोटी पडली ती दिल्ली नव्हे, आशाताई.

मृत्यूनंतरचे दुःखही या हिशेबात धरले पाहिजे. शेवटचे दर्शन नाही, खांदा नाही, दहाव्याला माणूस नाही, अशा स्थितीत गेलेल्यांची घरे आजही मनाने सावरलेली नाहीत. आणि तरुण विधवांच्या वाट्याला दुःखाबरोबर अपशकुनी ठरण्याची शिक्षाही आली. कृष्णा-पंचगंगेच्या त्याच पट्ट्यातील हेरवाड या शिरोळ तालुक्यातील गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो इतर गावांपुढे ठेवला. मानसिक आरोग्याची चर्चा शहरांत समुपदेशकाच्या खुर्चीपाशी थांबते. हेरवाडने दाखवले की ग्रामसभेचा ठराव हेही त्याचे औषध असू शकते.

मग पुढच्या साथीसाठी कार्यकर्त्यांनी मागावयाचे काय? रोजगार हमीची कल्पना याच मातीतील आहे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग केला आणि पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम देणे हे समाजाचे कर्तव्य ठरले. समाजाच्या हितासाठी ज्याला कामावर जाऊ नको असे शासन सांगते, त्याचे घरी बसणे हेही समाजाचेच काम आहे. त्याची हजेरी मस्टरवर लागली पाहिजे आणि चौदा दिवसांची मजुरी त्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे, तीही विलगीकरण संपण्यापूर्वी. विलगीकरणाची जागा गावाने ठरवावी, तिथे घरचा डबा पोचावा, रोज एकदा दुरून का होईना आपल्या माणसाचे तोंड दिसावे, आणि रुग्णाची खबर आशाताईने घरी द्यावी. यासाठी तिला मानधन नव्हे, वेतन हवे. यातील एकही गोष्ट साथ आल्यावर उभी करता येत नाही. जिल्हा परिषदांच्या अंदाजपत्रकात त्यांची तरतूद साथ नसलेल्या वर्षांतच करून घ्यावी लागेल, आणि तशी वर्षे सध्या चालू आहेत.