मोहिनीचे मोल

१/
दिवाळी सरते, धानाची कापणी आटोपत येते आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, नाटकांच्या फलकांनी भरून जाते. गावोगावचे लोक मंडळांच्या कार्यालयांत येऊन मंडई आणि शंकरपटाच्या रात्रीचे प्रयोग ठरवतात. फलकावर नायिकेचे छायाचित्र ठळक असते. तिच्या नावावर गर्दी जमते, हे नाटक नेणाऱ्याला ठाऊक असते आणि देणाऱ्यालाही.

२/
या नायिकेची परंपरा शोधू लागले की वाट एका मूकपटापर्यंत जाते. वर्ष १९१३, चित्रपट 'मोहिनी भस्मासुर', दिग्दर्शक दादासाहेब फाळके. पार्वती झाल्या होत्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली होती त्यांची कन्या कमला, वय तेराच्या आगेमागे. भारतीय कथापटात स्त्रीची भूमिका करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. हा धागा त्या मायलेकींचा आहे.

३/
आधीची परिस्थिती पाहिल्याशिवाय या घटनेचे वजन कळत नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीसाठी फाळक्यांनी पुष्कळ शोधाशोध केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीही कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यास नकार दिला. अखेर खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पडद्यावर दिसणे हे त्या काळी इतके हलके मानले जात होते.

४/
मग काही महिन्यांतच या मायलेकी तयार कशा झाल्या? याचे उत्तर धैर्याच्या गौरवगाथेत शोधण्याची सवय आहे. ते आधी उदरनिर्वाहात शोधले पाहिजे. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या, पदरी लहान मुलगी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा स्त्रीला प्रतिष्ठेने पोट भरता येईल असे मार्ग जवळजवळ नव्हतेच. त्यांनी फिरत्या नाटक मंडळीचा मार्ग धरला आणि समाजाचे बोल सोसले.

५/
कमलाबाईंचे बालपण त्यामुळे बिऱ्हाडांत आणि रंगपटांत गेले. अगदी लहान वयातच त्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या. फाळक्यांकडे आली ती काम शिकलेली मुलगी: उभे कसे राहावे, हावभाव शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचवावा, हे जाणणारी. मूकपटाला शब्द नव्हते. देहबोली हेच त्याचे भांडवल होते. ते भांडवल नाटक मंडळीने घडवलेले होते. म्हणून 'फाळक्यांनी नायिका शोधली' हे अर्धेच सत्य ठरते.

६/
शिवाय हे दार उघडले आणि उघडेच राहिले, असेही झाले नाही. १९१७ साली फाळक्यांचा 'लंकादहन' आला. त्यात राम साळुंकेच होते आणि सीताही साळुंकेच. मोहिनीनंतर चार वर्षांनी सीता पुन्हा पुरुषाची झाली. इतिहास सरळ रेषेत पुढे जातो असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. पहिले पाऊल पडले म्हणून वाट रुळत नाही.

७/
पुढे मूकपटांत स्त्रिया आल्या. पेशन्स कूपर आल्या; टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून रूबी मायर्स आल्या आणि 'सुलोचना' या नावाने देशभर गाजल्या. फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. यांतील बहुतेकजणी ज्यू, अँग्लो-इंडियन किंवा कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या. 'घरंदाज' म्हणवणारा समाज तिकीट काढून त्यांना पाहत होता आणि आपल्या मुलींना मात्र उंबरठ्याआतच ठेवत होता.

८/
१९३१ साली 'आलम आरा'ने पडदा बोलका केला आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या. सुशिक्षित, सधन घरातील स्त्री पडद्यावर आली आणि चित्रपटाला प्रतिष्ठा लाभली, असे तेव्हापासून लिहिले जाते. दुर्गाबाई खोटे यांचे कर्तृत्व वादातीत आहे. टीकाही त्यांनी सोसली. तरीही एक प्रश्न उरतो. जी गोष्ट गरजू स्त्रीने केली तेव्हा अप्रतिष्ठा ठरली, ती संपन्न घरातील स्त्रीने केल्यावर प्रतिष्ठा कशी झाली? काम तर तेच होते.

९/
कमलाबाईंचे पुढील आयुष्य या प्रश्नाचीच टीप आहे. नाट्यकलावंत रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले. तीन मुलगे वाढवायचे होते. त्यांनी रंगभूमी सोडली नाही, कारण ती सोडणे परवडणारे नव्हते. नाटके, मूकपट, मग बोलपट असे काम चालूच राहिले. थोरले चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक झाले. नातू विक्रम गोखले.

१०/
आज कमलाबाईंचे नाव निघते ते बहुधा 'विक्रम गोखले यांच्या आजी' म्हणून किंवा सामान्यज्ञानाच्या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्या नव्वदी ओलांडून जगल्या. रीना मोहन यांनी 'कमलाबाई' हा माहितीपट केला, तेव्हा त्या वृद्ध झाल्या होत्या. तो माहितीपट झाला नसता तर त्यांचे हसणे, बोलणे, रागावणे यांतील काहीच उरले नसते. कारण 'मोहिनी भस्मासुर' आज संपूर्ण पाहायला मिळत नाही.

११/
भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतले अगदी मोजके शिल्लक आहेत, तेही बरेचसे तुटक. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले १९६४ साली, मोहिनीनंतर अर्ध्या शतकाने. तोवर नायट्रेटच्या फिती जळाल्या, कुजल्या, रद्दीत गेल्या. फिती नष्ट झाल्या तेव्हा काही स्त्रियांच्या आयुष्यभराच्या कामाचा पुरावाच नष्ट झाला. या धाग्याचे म्हणणे इथेच आहे.

१२/
आता पुन्हा झाडीपट्टीत यावे. मोहिनी पडद्यावर आली तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. हा सारा मुलूख मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात होता, आणि गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. या अरण्यात दंडार आणि खडी गंमत यांची लोकरंगभूमी होती आणि तिच्यातही बाईचे सोंग पुरुषच आणत. मुंबईच्या पडद्यावर आणि झाडीच्या मांडवात नियम एकच होता: बाई गोष्टीत असावी, मंचावर नसावी.

१३/
शहरी रंगभूमीवर हा नियम १९२९ नंतर ढिला झाला. हिराबाई बडोदेकरांच्या मंडळीत स्त्रीपुरुष एकत्र उभे राहिले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आल्या. झाडीपट्टीत नायिका येण्यास आणखी काळ जावा लागला. आज मात्र तिच्याशिवाय प्रयोग ठरत नाही. संध्याकाळी गाडीत बसायचे, रात्री उशिरा पडदा उघडायचा, पहाटेपर्यंत रडायचे-गायचे, आणि दुसऱ्या रात्री दुसरे गाव. कमलाबाईंच्या बालपणीची फिरती मंडळी पाहायची असेल तर वडशाला जावे.

१४/
झाडीपट्टीला मानही मिळू लागला आहे. कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या रंगभूमीचा तो यथोचित गौरव होता. पण ज्या नायिकांनी त्यांच्या पिढीसमोर संवाद म्हटले, त्यांची साधी यादी कुठे आहे? हंगाम होळीच्या सुमारास संपतो. फलक उतरतात, ते कौलावर, गोठ्यावर, धानाच्या ढिगावर अंथरले जातात. पावसाळ्यापर्यंत नायिकेचा चेहरा पुसट होतो.

१५/
यात केवळ स्मरणरंजनाचा प्रश्न नाही. ज्येष्ठ कलावंतांसाठी महाराष्ट्र शासनाची मानधन योजना आहे. तिच्यासाठी वय आणि उत्पन्न यांच्याबरोबर कलाक्षेत्रातील प्रदीर्घ कामाचे पुरावे द्यावे लागतात. प्रयोगागणिक पैसे घेऊन, वर्षागणिक मंडळे बदलून वीस हंगाम काढलेल्या स्त्रीने पुरावा कोठून आणावा? तिचे काम हजारोंनी पाहिलेले असते. कागदावर ते कोणीच लिहिलेले नसते.

१६/
यावर असे म्हटले जाते की लोकरंगभूमी क्षणाची असते, तिला दप्तरात कोंडू नये. हे म्हणणे आकर्षक आहे, पण त्याची किंमत ते म्हणणाऱ्यांना मोजावी लागत नाही. मंडळाचा हिशोब क्षणाचा नसतो. आयोजकाची पावतीही क्षणाची नसते. नेमके कलावंतिणीचे नावच तेवढे क्षणाचे का असावे?

१७/
उपाय डोंगराएवढा नाही. प्रत्येक मंडळाने हंगामाची एक वही ठेवावी: नाटक, गाव, तारीख, पात्रयोजना. प्रत्येक फलकाची एक प्रत गावच्या वाचनालयात जावी. गडचिरोलीतील गोंडवाना विद्यापीठासारख्या संस्थेने त्या वह्या एकत्र कराव्यात आणि जुन्या नायिका हयात असताना त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. फाळक्यांच्या काळी हे करणे अवघड होते. आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे.

१८/
'पहिली' हे विशेषण देऊन समाज मोकळा होतो. दुर्गाबाई आणि कमलाबाई पहिल्या होत्या, हे खरे. पण त्याआधी आणि त्यानंतरही त्या राबणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्या राबण्याची नोंद ठेवण्यात महाराष्ट्र कमी पडला. येत्या दिवाळीनंतर वडशात पुन्हा फलक चढतील. त्यांवरची नावे कोणीतरी एका वहीत उतरवून घ्यावीत. मोहिनीचे थकलेले मोल फेडायला तिथून सुरुवात करता येईल.