मामांचा लाकडी आंबा

दसरा-दिवाळीच्या साफसफाईला हात घालण्याआधी एवढं वाचून घ्या.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बघा. एखादी जुनी वस्तू हमखास सापडेल. सोंड मोडलेला लाकडी हत्ती, रंग उडालेला भोवरा, मुका झालेला रेडिओ. ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. आधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा, हे आणलं कुणी?

आदिलाबादच्या मराठी घरांत अशा वस्तू पुष्कळ, कारण आपली माणसं पांगलेली. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. आपल्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण इकडं राहिलो. मावशी पैनगंगेपलीकडं, आपण अलीकडं. पुढं कुणी रेल्वेत लागलं, कुणी मुंबईला गेलं, कुणी आखातात. येताना लेकरांसाठी काही ना काही पिशवीत असायचंच.

माझे मामा ट्रकवर होते. एकदा त्यांनी मला लाकडी आंबा आणून दिला. 'सावंतवाडीचा आहे,' म्हणाले. सावंतवाडीची लाकडी फळं नावाजलेली. मी खरा समजून चावलो. दाताची खूण अजून त्याच्यावर आहे. मोठेपणी मी तो साबणानं घासून धुतला आणि निम्मा रंग मोरीत गेला. म्हणून पहिली गोष्ट: लाकडाच्या खेळण्याला पाणी लावू नका. मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, तेवढं पुरे. खाचेतल्या धुळीला रंगाचा जुना ब्रश चालतो.

आपल्या निर्मळच्या खेळण्यांना तर पाणी वैरीच. ती पोनिकीच्या हलक्या लाकडाची. वेगवेगळे भाग चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून जोडलेले असतात. ओल लागली की जोड फुगतो, रंगाला पोपडे येतात. खळ म्हणजे पिठाचाच प्रकार, त्यामुळं किडेही तिच्या वासावर येतात. पावसाळा संपला की एकदा वस्तू उलटीपालटी करून बघा. खाली बारीक भुकटी दिसली तर कीड लागली समजा. ती वस्तू बाकीच्यांपासून लगेच बाजूला करा. उन्हात मात्र टाकू नका. आपलं ऊन लाकूड तडकवतं.

डांबराच्या गोळ्या पेटीत टाकायची आपल्याला सवय. घरात लहान मूल असेल तर ते टाळा. गोळी खाऊ समजून तोंडात गेली तर दवाखान्यात पळावं लागेल. शिवाय प्लास्टिकची बाहुली त्या गोळ्यांनी चिकट होते. त्यापेक्षा वस्तूला जुन्या सुती धोतराचा तुकडा गुंडाळा आणि पेटी जमिनीपासून वर, विटांवर ठेवा. वाळवी जमिनीतून येते.

पितळेच्या वस्तूचं वेगळं. आपल्याकडचे ओझा कारागीर मेणाचा साचा करून पितळ ओततात, ते ढोकरा काम. ते आतून बरेचदा पोकळ असतं, मातीचा गाभा तसाच राहतो. ते चिंचेच्या पाण्यात बुडवू नका. माती पाणी धरून ठेवते. आणि चकाकी आणायचा हट्ट कशाला? काळपटपणा हे त्या वस्तूचं वय आहे. घासून घासून तुम्ही नक्षी बोथट कराल.

रेडिओ, टॉर्च, सेलवरची मोटार यांतले सेल आजच काढा. सेल पाझरला की आतल्या पट्ट्या खाऊन टाकतो. दुबईहून आलेले कितीतरी रेडिओ असेच गेले.

जुनं रंगीत खेळणं नातवाला जरूर दाखवा, पण दात येणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. बाळ ते चाटतं. ज्याने लहानपणी लाकडी आंबा चावला, तो हे सांगतोय म्हणून हसू नका.

एक नाजूक गोष्ट. काही घरांत आजोबांनी आणलेलं वाघनखाचं पदक असतं, हस्तिदंताची डबी असते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं यांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे आणि कागदाशिवाय ते घरात असणंही अडचणीचं ठरू शकतं. सोनाराकडं नेऊ नका, फोटो टाकून गिऱ्हाईक शोधू नका. जाणत्या वकिलाला विचारून वन खात्याकडं जा.

आता खरं काम. वस्तू कितीही जपली, तरी ती कुणाची हे सांगणारा माणूस गेला की ती लाकडाचा तुकडा होते. मुलगा चांगला असतो, सूनही चांगली असते. त्यांना ठाऊकच नसतं, म्हणून ते फेकतात. तेव्हा सवड काढा. वस्तू घेऊन त्या माणसाजवळ बसा, हातात द्या आणि मोबाईलवर आवाज भरून घ्या. 'काही आठवतं का?' असं विचारू नका, 'नाही रे बाबा' म्हणतील. कुठल्या गावात घेतली, किती पैसे पडले, सोबत कोण होतं, असं विचारा. मग बोलतात. भावंडांनाही बोलवा, म्हणजे पुढं 'ती माझ्यासाठी आणली होती' हा तंटा उरत नाही.

मीही तेच केलं. चौऱ्याऐंशीच्या मामांच्या हाती आंबा दिला आणि विचारलं, सावंतवाडीला कुठल्या दुकानात घेतला? मामा बराच वेळ दाताची खूण चाचपत राहिले. मग हसायला लागले.

गोव्याकडचा माल घेऊन ते हैदराबादमार्गे नागपूरला निघाले होते. सावंतवाडीला थांबायचं राहूनच गेलं. निर्मळला चहाला उतरले तेव्हा आठवलं, भाच्याला कबूल केलं होतं. समोर खेळण्यांचं दुकान. तिथून घेतला. आमच्या घरापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर!

'तुझ्या आईला माहीत होतं,' मामा म्हणाले. 'तिनं सांगितलं नाही कधी?'

नाही सांगितलं. मी जाड कागदाची चिठ्ठी केली, पेन्सिलनं लिहिली, कारण शाई ओलीनं फुटते. दोऱ्यानं देठाला बांधली. डिंक लावू नका, रंग निघतो. चिठ्ठीवर आहे: 'सावंतवाडीचा आंबा. निर्मळला घेतला. मामांनी आणला.'