डार्क थीम हे डोळ्यांचे औषध नव्हे

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून रत्नागिरीत परतलेली काही मुले अजून घरूनच कंपनीचे काम करतात. त्यातल्या वेबसाइट बनवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: "डॉक्टर, डोळे चुरचुरतात, संध्याकाळी डोके दुखते. डेव्हलपर टूल्ससुद्धा डार्क केली, तरी फरक नाही."

वेबपेजमागचा कोड दाखवणारी ही खिडकी. क्रोममध्ये एफ१२ दाबा, गिअरच्या चिन्हावर क्लिक करा आणि 'थीम'मध्ये लाइट, डार्क किंवा सिस्टिमप्रमाणे यांपैकी एक निवडा. अर्ध्या मिनिटाचे काम. पण एवढ्याने डोळ्यांचा त्रास जाईल, ही समजूत मला पटत नाही.

पडदा काळा झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. बाहुली मोठी, तर डोळ्याच्या रचनेतला दोषही जास्त जाणवतो. तुम्हाला सिलिंडर नंबर असेल आणि चष्मा नसेल (किंवा तो ड्रॉवरमध्ये असेल!), तर काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरट, फुटल्यासारखी दिसतात. अशांना लाइट थीमच बरी. उलट, मोतीबिंदूमुळे नजर धुरकट झालेल्या काहींना काळ्या पडद्यावर वाचणे सोपे जाते. बाकीच्यांनी खोलीतला उजेड पाहावा. भर दुपारी खिडकीतून ऊन येत असताना काळा पडदा म्हणजे आरसाच. त्यात स्वतःचे तोंड दिसते, कोड नाही. पावसाळी अंधारात किंवा रात्री मात्र डार्क थीम खुशाल वापरा.

चुरचुरण्याचे खरे कारण बहुधा वेगळेच असते. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो; स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडतात, त्यात एसीचा झोत तोंडावर. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहा आणि मुद्दाम पापण्या मिटा. खिडकीतून समुद्र दिसत असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच.

थीम बदलूनही डोकेदुखी राहिली तर नंबर तपासून घ्या. आणि कृपा करून मित्राचे उरलेले ड्रॉप्स डोळ्यांत घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर सुरुवातीला छान वाटते, पण ते महिनोन्महिने चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.