छेदस्थानी कोण?

राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करून घेतला. दुर्ग, शस्त्रागार, कोठार, कारखाने अशा रोजच्या कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो उद्योग होता. त्यामागे केवळ भाषाभिमान होता असे समजणे अपुरे ठरेल. आपल्याला नेमके कशाचे नाव घ्यायचे आहे, हे ज्या राज्याला सांगता येत नाही त्याला त्या गोष्टीचा कारभारही करता येत नाही. ज्या जिल्ह्याला १९८१ मध्ये ‘कुलाबा’ हे नाव जाऊन ‘रायगड’ हे नाव मिळाले, तेथील सार्वजनिक आरोग्याचा व्यवहार पाहताना ही गोष्ट वारंवार आठवते. ‘टार्गेट’, ‘कव्हरेज’, ‘बेनिफिशिअरी’ हे शब्द आज तालुक्याच्या बैठकीपासून अंगणवाडीच्या ओट्यापर्यंत पोहोचले आहेत. शब्द परका आहे, ही तक्रार दुय्यम होय. त्या शब्दाआड कोण दडले आहे, हे कोणी विचारत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

अर्भक मृत्युदराचेच उदाहरण घ्या. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे एक वर्ष पूर्ण होण्याआधी किती दगावली, याचा तो आकडा. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये देशाचा दर २८ होता, महाराष्ट्राचा १६. हे अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु दर म्हणजे अपूर्णांक. मृत्यू हा अंश आणि जन्म हा छेद. वृत्तपत्रांची, विधिमंडळाची, आपल्यासारख्यांचीही सारी चर्चा अंशावर चालते. छेदात कोणाला धरले आणि कोण निसटले, तिकडे दृष्टी वळत नाही.

पेण आणि रोहे तालुक्यांतील कातकरी वाड्या पाहिल्या की हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. पूर्वी खैराचा कात पाडणारा, जंगल सुटल्यावर वेठीला लागलेला हा आपला वनवासी बांधव केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित जनजातींच्या सूचीत आहे. पावसाळा संपता संपता भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची आणि दिवाळी उरकली की मुलाबाळांसह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचे. परतायचे ते पावसाच्या तोंडावर. शासनाच्या व्यवस्थेप्रमाणे रुग्णालयात प्रसूती झाली, तरी आशा स्वयंसेविकेने बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जाऊन बाळ पाहावयाचे असते. योजना उत्तम आहे. पण आश्विनात पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात बाळंत झालेली आई विसाव्या दिवशी दुसऱ्या तालुक्यातील भट्टीवर असेल, तर उरलेल्या भेटी कोणी द्यावयाच्या? वाडीच्या आशेच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. भट्टीजवळच्या गावच्या आशेच्या यादीत हे कुटुंब नसतेच. तेथे ते बाळ दगावले, तर ते कोणत्या गावच्या अंशात जाणार? दोन्ही नोंदवह्या खऱ्या, दोन्ही सह्यानिशी पूर्ण, आणि बाळ मात्र दोन्हींत नाही.

नवजात बालकांच्या या गृहभेटींचा उगम आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी औषधपेटी उघडण्याच्या आधी गावोगावचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. मग गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी पाठविले. त्यामुळे अर्भक मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून ही पद्धत देशाने स्वीकारली. बंग दांपत्य गांधी-विनोबांच्या परंपरेतले, आपल्या वर्तुळातले नव्हे. म्हणून काही बिघडत नाही. आधी मोजणी आणि मग सेवा हा त्यांचा क्रम आपल्याही सेवाकार्याने उचलावा असाच आहे. पुढे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यूंचे सरकारी आकडे वास्तवाहून किती कमी आहेत ते दाखविले, तेव्हा शासनालाही समिती नेमावी लागली होती.

दुसरी जोडी ‘उपलब्धता’ आणि ‘पोच’ या शब्दांची. हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांतला भेद पेणकरांना समजावून सांगावा लागू नये. हेटवणे धरण पेण तालुक्यात. त्याचे पाणी नवी मुंबईकडे गेले आणि त्याच तालुक्याच्या खारेपाटातील मायबहिणी वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहत राहिल्या. पाणी उपलब्ध होते, त्यांची पोच नव्हती. दवाखान्याचेही तसेच. इमारत, पाटी, मंजूर पदे ही उपलब्धता झाली. वाडीवरून निघालेल्या बाईचा बुडालेला रोज, रिक्षाचे भाडे आणि खिडकीवरचा ‘तू’कार जमेस धरला, म्हणजे पोच कळते. २०२३ मध्ये आरोग्यकेंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे सुंदर नाव मिळाले. मंदिर म्हटले की दार उघडे असणे ओघानेच आले. पाटी बदलण्याइतके ते सोपे नाही, हे आपल्या मताच्या शासनालाही सांगितलेच पाहिजे.

तिसरा शब्द अधिक फसवा आहे: ‘आजारपण’. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरोघरी ‘गेल्या पंधरा दिवसांत कोणी आजारी होते का?’ असे विचारतात. उत्तरांत केरळ कायम आघाडीवर, बिहार बराच मागे. मग बिहार अधिक निरोगी काय? नव्हे. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस आजाराला आजार म्हणतो. ज्याला रोज काम केल्याशिवाय चूल पेटत नाही, तो अंगातल्या तापाला नावच देत नाही. या पाहणीला १९५० मध्ये आरंभ झाला. त्या सुमारास देशाच्या अर्थखात्याची धुरा घेणारे आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले चिंतामणराव देशमुख रोह्याचे. त्यांच्या गावाशेजारच्या वाड्यांत आजार कमी नोंदला गेला, तर त्यावरून समाधान मानण्याचे कारण नाही.

‘लाभार्थी’ हा शब्द तर संस्कृत असूनही मला खटकतो. त्यात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे गृहीतच आहे. वनवासी कल्याण आश्रमाने गावातल्याच माणसाला प्रथमोपचार शिकवून ‘आरोग्यरक्षक’ म्हटले, बंगांनी ‘आरोग्यदूत’ म्हटले. या दोन्ही शब्दांत तो माणूस कर्ता आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आरंभ झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात कातकरी समाज आहे आणि त्यात फिरत्या वैद्यकीय पथकांचीही तरतूद आहे. पथक वाडीवर पोहोचेल तेव्हा वाडी भट्टीवर गेलेली असू नये, एवढ्यासाठी भट्ट्यांची यादी हवी. पेण-रोह्याच्या स्वयंसेवकांना ती करता येईल. दिवाळीपूर्वी वाडीवर जाऊन कोणते कुटुंब कोणत्या मालकाकडे, कोणत्या गावी जाणार, घरात गरोदर कोण, सहा वर्षांखालील मुले किती, एवढे एका वहीत उतरवावे. तिची एक प्रत वाडीच्या आशाताईंकडे द्यावी, दुसरी भट्टीच्या गावच्या आशाताईंकडे पोहोचवावी आणि पौषात एकदा स्वतः भट्टीवर जाऊन नावे ताडून पाहावीत.