कुंपणाला करवंद लावा

जांभूळ हे गावाचं नावच झाडाचं. त्याच्या आसपास, अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींची कुंपणं मात्र पिवळ्या ड्युरँटाची नाहीतर कोनोकार्पसची. बारवीकडच्या टेकड्यांवरची करवंदाची जाळी, धायटी, मुरुडशेंग यांना फाटकाच्या आत जागा नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: जंगली झुडपं बागेत शोभत नाहीत.

हे मला मुळीच मान्य नाही. जानेवारी ते एप्रिल, डोंगर वाळत असताना धायटी केशरी-लाल फुलांनी लगडते आणि शिंजीर दिवसभर तिच्यावर असतात. मुरुडशेंगेचं फूल विटकरी लाल उमलतं आणि उतरताना निळसर राखाडी होतं. करवंदाची पानं बारमाही हिरवी, फुलं पांढरी, सुवासिक. शोभा म्हणजे आणखी काय हवं? अमेरिकेत सुमॅक हे असंच रस्त्याकडेचं रानटी झुडूप. 'विषारी सुमॅक' नावाची वेगळी वनस्पती आहे, तिच्यामुळे सगळ्या सुमॅकांकडे संशयानं पाहिलं गेलं. तरी त्याची हिवाळ्यात टिकणारी लाल फळं पक्षी खातात म्हणून तिथले बागप्रेमी ते आवर्जून लावतात.

सुमॅकचा आपला भाऊबंद म्हणजे आमोणी. पण ती देशावरच्या कोरड्या माळाची. तिला जांभूळमध्ये आणायचा आग्रह मी धरणार नाही. देशी म्हणजे महाराष्ट्रात कुठंतरी उगवणारं नव्हे, आपल्या टेकडीवर आपसूक वाढणारं. धो धो पाऊस आणि मग आठ महिने कोरडे, हे या झुडपांनी पचवलेलं आहे; हिरवळीसारखं त्यांना सतत पाणी घालावं लागत नाही. जांभूळमध्ये औद्योगिक विकास महामंडळाचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. तिथून शुद्ध होऊन येणारं पाणी हिरवळीवर ओतणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. 'परदेशी फुलांवरही फुलपाखरं येतातच की! घाणेरीवर तर झुंबड असते.' येतात, खरं आहे. पण मध हे फुलपाखराचं जेवण झालं, त्याची अळी पानं खाते आणि तीही ठरावीकच. बिबळ्या कडवा अंडी घालतो रुईवर. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, 2015 साली ज्याला हा मान मिळाला, ते लिंबाच्या कुळातली झाडं शोधतं. रानातला माकडलिंबू त्यांतलाच. पान नसेल तर अळी नाही, आणि अळ्या-किडे नसतील तर बुलबुलानं पिलांना भरवायचं काय? ड्युरँटा तर आपण इतका छाटतो की त्याला फूलही येत नाही. घाणेरीसुद्धा शोभेसाठीच आणलेली होती. आज तिनं किती डोंगर व्यापलेत, ते डोळ्यांसमोर आहे. कोनोकार्पस लावायला गुजरातनं 2023 मध्ये बंदी घातली.

सापांची भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगतो: साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. आधी राडारोडा आणि उष्टं-खरकटं उचला.

करवंद सुरुवातीला सावकाश वाढतं, हे मात्र कबूल. काटेही आहेत, म्हणून मुलांच्या खेळायच्या जागेलगत ते नको, तिथं मुरुडशेंग लावा. बाकी कुंपणाला याच काट्यांची राखण होते. गुरं शिरत नाहीत आणि बुलबुलाचं घरटं सुरक्षित राहतं.

'रोपं मिळत नाहीत' हीही तक्रार असते. मागणी नसेल तर रोपवाटिकेत ती येणार कुठून? आणि रानातून झुडूप उपटून आणायचं नाही, हेही बजावून सांगतो. बी पुरेसं आहे. यंदा मे महिन्यात पिकलेली करवंदं खाल तेव्हा बिया थुंकून देऊ नका. धुऊन लगेच पिशव्यांत पेरा, कारण बी शिळं झालं की उगवण घटते. पुढच्या वर्षी पहिला पाऊस झाला की कुंपणाकडेला दोन-दोन फुटांवर रोपं लावा.